ब्रेकमधली हवा

"ब्रेक दाब!" मागच्या चाकापाशी आडवं पडून ब्रेकच्या नळीतली हवा काढणाऱ्या सादनं आवाज दिला.

सीटवर बसलेल्या त्याच्या बायकोनं, नाझनीननं, दाबला.

"दाब ना!"

"दाबला की."

"मग तेल कुठंय? क्लच दाबून राहिलीस का काय तू?"

नाझनीननं वाकून पाहिलं. पाय मधल्या पेडलवरच होता. मांडीवरची तीन वर्षांची लेक जिक्राही वाकली आणि तिनंही पाहून घेतलं.

"बीएस्सी झालेली हाय, अब्बा," साद चाकाआडून म्हणाला. "पेडलं तेवढी तीनच हायत म्हणून गोंधळली. चार पर्याय असते तर बरोबर सांगितलं असतं."

सादचे अब्बा, निजामोद्दीन मिस्त्री, दाढीत हसले. गाडी त्यांनीच घडवली होती. खाली जुन्या जीपचा सांगाडा, त्यावर मोटारीचं दांडगं इंजिन, छप्पर नाही, दारं नाहीत. सादनं रद्दीतल्या एका परदेशी मासिकात तसल्या गाडीचं चित्र पाहिलं होतं. तिथं तिला हॉट रॉड म्हणत होते, गल्ली तिला नाकतोडा म्हणत होती. क्लास चालवणाऱ्या अर्जुनराव सरांनी ती बांधायला सांगितली होती. बारावीच्या मेरिटमध्ये आलेल्या त्यांच्या चार पोरांची मिरवणूक आज तिच्यातून निघणार होती. पेडल दाबलं की नळ्यांतून तेल ढकलणारा, क्लच आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर मिस्त्रींनी स्वतःच्या जुन्या ट्रकचा काढून लावला होता. बिडाचा एकच ठोकळा आणि त्यात शेजारी शेजारी दोन घरं, एक क्लचचं, एक ब्रेकचं. असं काम आता कुठं होतं, असं ते आठवडाभर येईल त्याला सांगत होते.

नाझनीनला त्याच ठोकळ्याची धास्ती होती. तशी तिला कशाचीही वाटायची. भूकंपाला सहा वर्षं झाली तरी रात्री जिक्राच्या चपला ती दाराशी, टाचा घराकडे करून ठेवायची. कपबशी वाजली की मिस्त्री सुनेला चिडवायला ओरडायचे, "पळ दुल्हन, आला!" आज मात्र धास्तीला कारण होतं. या गॅरेजचा एक रिवाज होता. नवी गाडी पहिल्यांदा उतारावरून सोडायची ती घरच्या लेकराला मांडीवर घेऊन. गिऱ्हाइकानं बघावं, मिस्त्रीचा आपल्या कामावर किती भरोसा आहे ते. साद असाच बसला होता, कधीकाळी. आज जिक्राची पाळी होती. गॅरेज चढावर, फाटक खाली, आणि फाटकापुढं वाहता औसा रोड.

"बरं, आता दुसरं दाबून बघ," साद वैतागून म्हणाला.

तिनं डावीकडचं पेडल दाबलं. मागच्या चाकाशी तेलाची पिचकारी उडाली.

"आलं! बघ, आता कसं बरोबर दाबलंस! धर... सोड... दाब..."

पाच मिनिटांत काम उरकलं. फाटकाशी बँडवाले येऊन ताशा कडक करून घेत होते. अर्जुनराव सर घड्याळ बघत होते. साद हात पुसत आला आणि त्यानं जिक्राला घ्यायला हात पुढं केले.

नाझनीन उठली नाही.

"अब्बा, मधलं पेडल कशाचं?"

"ब्रेकचं. लहान लेकराला पण ठाऊक असतंय, दुल्हन."

"आणि डावं?"

"क्लच. आता उतर, सर खोळंबलेत."

"मग मी क्लच दाबल्यावर चाकाला तेल कसं आलं?"

साद हसायला गेला आणि तोंड तसंच उघडं राहिलं. मिस्त्रींनी चष्मा लावला. पुढं होऊन एका बोटानं नळी धरली आणि ठोकळ्यापासून मागं मागं सरकत चाकापर्यंत गेले. मग दुसरी धरली. ब्रेकची नळी क्लचच्या घराला लागली होती आणि क्लचची ब्रेकच्या.

तीस वर्षं त्यांनी तो ठोकळा ट्रकखाली पाठीवर पडून हाताळला होता. खालून जे डावं, ते वरून उजवं. ही गाडी इतकी बुटकी की खाली माणूस मावेना, म्हणून नळ्या त्यांनी सीटवर बसून, वरून जोडल्या. हात मात्र खालच्याच सवयीनं चालले.

सादनं उताराकडं पाहिलं, फाटकाबाहेर भरधाव गेलेल्या ट्रककडं पाहिलं आणि जिक्राकडं पाहायचं टाळलं.

नळ्यांची अदलाबदल मिस्त्रींनी स्वतः केली. तेवढ्यात अर्जुनराव सर वर चढून आले.

"मिस्त्री, झालं का न्हाई? तिकडं पोरं हार घालून उन्हात उभी हायत."

"झालं, सर, झालं," साद घाईनं म्हणाला. "चल नाझनीन, दे तिला."

"नळ्या सोडल्या म्हणजे हवा शिरली," नाझनीन म्हणाली. जिक्राभोवतीचा हात तिनं सोडला नाही. "सगळी परत काढावी लागंल. चारी चाकांची."

"अगं, जराशा हवेनं काय हुतंय? पेडल दोनदा दाबलं की लागतंय ब्रेक. अब्बा, सांगा हिला. ही काय, कपबशी वाजली तरी..."

"सर," मिस्त्री मध्येच म्हणाले, "ताशा थांबवा."

"म्हणजे? गाडी तयार न्हाई?"

"दुल्हन न्हाई म्हणते."

सरांनी मिस्त्रींकडं पाहिलं, मग गाडीत बसलेल्या बाईकडं पाहिलं आणि ताशा थांबवायला उतार उतरू लागले. मिस्त्रींनी सादच्या हातातला पाना काढून घेतला. गुडघे धरत, अल्लाचं नाव घेत ते मागच्या चाकाशी जमिनीवर आडवे झाले.

"चल, दाब दुल्हन," खालून आवाज आला.

"कोणतं, अब्बा?"

"तुला वाटंल ते दाब. आजपासून तू दाबशील तोच ब्रेक."