कोनी हाय का?

"येऊ नको," असं पार्वताबाईंनी लिहिलं होतं, तरी आरजू बार्शीटाकळीची एसटी पकडून त्यांच्या गावी आलीच. न येऊन करते काय? शुक्रवारी अमरावतीत कंपनीत पैसा घालणाऱ्यांची बैठक होती. "तुमच्या अ‍ॅपवर बायका नुसत्या रडतात," असं त्यांनी तोंडावर सुनावलं होतं. आता पार्वताबाईंना त्यांच्यापुढे उभं करायचं, नाहीतर कंपनीला कुलूप. आरजू आतून पार खचली होती.

'मैतरीण' हे तिचं अ‍ॅप फक्त बायकांचं. कुणी पुरुष घुसू नये म्हणून नव्या बाईचा पहिला निरोप आरजू स्वतः वाचायची, मगच तो साऱ्यांना दिसायचा. हे खूळ सोड, असं अम्मी कितीदा म्हणाली. पण आरजू कुणाची ऐकते!

पार्वताबाईंचा पहिला निरोप तर तिला तोंडपाठ होता. तो आला त्या दिवशी ती स्वतःच्या सत्काराला अमरावतीला गेली होती, दुसऱ्या दिवशी दुपारी अकोल्यात परतल्यावर तिनं तो पाहिला. 'कोनी हाय का?' एवढंच. किती गोड विचारलं माउलीनं! आरजूनं ते शब्द थेट कंपनीच्या पाटीवर चढवले.

तेव्हापासून ही बाई जी सुरू झाली! बोंडअळीनं कपाशी खाल्ली, घरोघरी हाय खाल्लेल्या बायका जीव नकोसा झाला म्हणून लिहीत, आणि पहिलं उत्तर पार्वताबाईंचंच. 'मी हाय ना. बोल.' फोनवर मात्र कधी बोलल्या नाहीत. लाज वाटते म्हणायच्या.

दारात एक म्हातारा सुपात तूर पाखडत बसला होता. देवमन, पार्वताबाईंचे घरधनी.

"मावशी कुठी हाय?"

"बसा. च्या मांडतो."

त्यानंच चूल पेटवली. आरजू बोलत सुटली. "काका, मावशीले एकडाव अमरावतीले येऊ द्या. आमच्याकडं एकबी बाई उत्तराविना राहत नाई, थे त्याइच्याचमुळं."

तेवढ्यात देवमनच्या खिशातला फोन वाजला. त्यानं धोतराला बोटं पुसली आणि एकेक अक्षर शोधत काहीतरी लिहिलं. आरजूचा फोन थरथरला. अकोटच्या कुणा बाईनं लिहिलं होतं, 'आता सहन होत नाई.' खाली पार्वताबाईंचं उत्तर. 'मी हाय ना. बोल.'

आरजू ताडकन उठली. "तुमी? काका, हे बायकाइचं हाय! लाज नाई वाटत? मावशी कुठी हाय?"

देवमननं चहाची कपबशी तिच्यापुढे सरकवली.

"मी बाजाराले गेलतो त्या दिवशी. तिनं विचारलं, कोनी हाय का. दिवे लागेपर्यंत फोन हातात धरून बसली होती म्हनते शेजारीन. म्हून मी आता कोनाले थांबू देत नाई."

"पन मी तर... मी लगेच..."

"दुसऱ्या दिवशी दुपारी आला तुमचा होकार, पोरी. तवा आमी तिले जाळून मसनातून घरी येऊन राहिलो होतो."