आकाश बंद
तंजावरात अप्पांचा जीव गंगेच्या घोटासाठी घुटमळत होता. तोंडाला डाख लावलेला काशीचा गडू मद्रासमध्ये थोरल्या लेकाच्या, संताजीच्या मांडीवर होता. आगगाडी पोचेपर्यंत अप्पा टिकणार नव्हते, म्हणून त्यानं फ्लाइंग क्लबचं विमान सज्ज ठेवलं. पण दिल्लीच्या बड्या पाहुण्यांसाठी सकाळपासून सगळं आकाशच बंद. “पाहुणे अजून निघालेच नाहीत, सार,” टॉवरवाला ओशाळून म्हणाला. “ते उतरेपर्यंत फक्त कावळ्यांना परवानगी.” संताजीनं वर पाहिलं. निळ्याभोर आकाशात चिटपाखरू नव्हतं. दुपार कलली आणि हँगरातला फोन वाजला. “अण्णा, अप्पा गेले,” धाकटा जनकोजी म्हणाला. “विहिरीचंच पाणी गंगा म्हणून पाजलं.” “कळलं त्यांना?” “नाही. घोट गिळला, हसले, म्हणाले, ‘संताजी आला वाटतं.’” तेवढ्यात टॉवरवाला धावत आला. “सार, आकाश उघडलं! निघा आता!” संताजीनं गडू कानाशी हलवला. पाणी आतल्या आत डुचमळलं.