पांढरा घोडा दोन पडद्यांवर

“आधी तो पंखा बंद कर,” कोंडाजी म्हणाले. “खिडकीचे पडदे हलतात. उजेड आत येतो.”

प्रणयने पंखा बंद केला. नागावात भर दुपारी दारं-खिडक्या लावून पंख्याशिवाय बसायचं म्हणजे मोदकासारखं उकडून निघायचं. पण अडला हरी! म्हातारबुवांची गरज त्याला होती.

त्याच्या होमस्टेमध्ये दर शनिवारी संध्याकाळी पाहुण्यांना जुने सिनेमे दाखवायचे होते. त्यासाठी दोन टीव्ही शेजारी शेजारी मांडले होते. एक नवाकोरा एलसीडी. दुसरा जुना प्लाझ्मा, बंद पडलेल्या हॉटेलातून आणलेला. देताना हॉटेलवाला म्हणाला होता, “वीज खातो, तव्यासारखा तापतो, वर भुंग्यासारखा गुणगुणतो, चित्र उजळलं की जास्तच. पण पळतं चित्र बघ त्याच्यावर. बघत राहशील.” प्रणयला तसं वाटत होतं खरं. एलसीडीवर कॅमेरा वळला की माणसं पुसट व्हायची. पण गावातल्या दोघांना दाखवलं, तर दोघांना दोन्ही सारखेच. मग त्याचा स्वतःच्याच डोळ्यांवरचा विश्वास उडाला.

तेव्हा कोणीतरी कोंडाजींचं नाव सुचवलं. तंबू थेटरात, जत्रेजत्रेतून चाळीस वर्षं सिनेमाचं मशीन चालवलेला माणूस. तंबू गुंडाळून आठ वर्षं झाली होती, पण म्हातारा अजून झोपेत रिळं बदलतो म्हणत.

प्रणयने फोनवर त्यांना सगळी कथा सांगितली, हॉटेलवाल्याच्या तक्रारींसकट. शेवटी म्हणाला, “काका, कुठला पडदा कुठला ते नुसतं बघून ओळखलंत, तर शनिवारचा सिनेमा तुम्हीच चालवायचा. मला पारखी नजर हवी.”



“पांढऱ्या घोड्याचा सिनेमा हाय का तुझ्याकडं?” कोंडाजींनी विचारलं. “तो लाव. येतो.”

आणि आज ते आले होते, बायकोचा हात घट्ट धरून. गोदूकाकींच्या डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा चष्मा होता.

“हिला नीट दिसत न्हाय,” कोंडाजींनी दारातच सांगून टाकलं. “हात सोडला तर कुठंतरी आपटंल.”

गोदूकाकींनी पदराने घाम टिपला आणि नवऱ्याला खुर्चीपर्यंत नेलं. ह्या वयात हातात हात! प्रणयला गंमत वाटली, बरंही वाटलं.

त्याने दोन्ही टीव्हींच्या कडांना काळा कागद चिकटवला होता. कंपनी नाही, नाव नाही. कोंडाजींनी खुर्ची अगदी पुढे ओढून घेतली.

“इतक्या जवळून?”

“केबिनीतला माणूस मी. काचंला नाक लावून बघायची सवय. आवाज बंद कर. गाण्याच्या नादात डोळा फसतो.”

प्रणयने आवाज बंद केला आणि मुद्दामच सिनेमा मधूनच कुठूनतरी सुरू केला. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र हलू लागलं.

कोंडाजी आधी डावीकडच्या पडद्याकडे झुकले, मग उजवीकडच्या. चकाकी अडवावी तसा पंजा तोंडासमोर धरला. गोदूकाकी पदराचं टोक पिळत होत्या. आठ वर्षं ह्या माणसाने सिनेमावाचून कशी काढली ते त्यांनाच ठाऊक.

“हे बंदरावरचं भांडण,” कोंडाजी अचानक म्हणाले. “आता काळोख होईल. मग दार उघडंल नि एकदम ऊन.”

पडद्यावर काळोख झाला. मग दार उघडलं आणि ऊन भसकन आत आलं.

“आता घोडा. माडांच्या मागनं. एक माड, दोन माड, तीन...”

घोडा धावत होता आणि म्हातारा एकेक माड बरोबर त्याच क्षणी मोजत होता. प्रणय बघतच राहिला. डावीकडे घोड्याचे पाय ओल्या रांगोळीवर हात फिरावा तसे फराटत होते, माड दोन-दोन दिसत होते. उजवीकडे मात्र प्रत्येक खूर सुटा, प्रत्येक उडालेला वाळूचा कण सुटा. इतका जिवंत घोडा त्याने समुद्रावरसुद्धा पाहिला नव्हता.

“उजवीकडचा,” कोंडाजी म्हणाले. “हा प्लाझ्मा. सेकंदाला चोवीस चित्रं, पोरा. ह्यो एकपण सांडत न्हाय.”

“अगदी बरोबर!” प्रणय ओरडलाच. “मी उगाच शंका घेत होतो. हातच्या कांकणाला आरसा कशाला! काका, काय नजर आहे तुमची! मी जन्मात असं पाहिलं नाही.”

त्याने खोलीची चावी पुढे केली. कोंडाजींचं तोंड पडद्याकडेच होतं, गालांवरून पाणी ओघळत होतं. चावी शेवटी गोदूकाकींनीच घेतली.

“शनिवारी पाचला या,” प्रणय म्हणाला. त्याने वाकून दोघांच्या पाया पडून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणाच्या पाया पडावंसं मनापासून वाटलं होतं.

फाटकाबाहेर नारळाच्या वाडीचा रस्ता लागला. वळणाआड गेल्यावर गोदूकाकींनी शेजारणीचा तो जाड चष्मा काढला, डोळे चोळले आणि चष्मा पिशवीत टाकला.

“पायरी हाय,” त्या हळूच म्हणाल्या. “आता दुसरी. हां, म्होरं सपाट.”

कोंडाजी पायरी उतरून थांबले. कानात अजून तो भुंगा गुणगुणत होता, तळव्याला अजून ती धग लागत होती. त्यांनी बायकोचा हात दाबला.

“गोदू, खरं सांग. घोडा अजून पांढराच दिसतो न्हवं?”