दुबार नाही

फॉर्मवर तीन चौकोन होते आणि खूण एकाच चौकोनात करायची होती. प्रणालीनं पेनचं टोपण काढलं त्याला अर्धा तास होऊन गेला होता.

"घाई नाही ताई," कहकशाँ मॅडम म्हणाल्या, "पण पाच वाजता यादी बंद होते. आज आखरी दिवस हाये."

मॅडम अकोल्याच्या, वय जेमतेम पंचवीस. घरी बसून लग्नपत्रिकांची डिझाइनं करता करता अमरावतीच्या या सेंटरवर शिकवायला लागल्या होत्या. बायकांना घरबसल्या करता येईल असं काम फुकट शिकवायचं आणि वापरायला लॅपटॉपही द्यायचा, अशी योजना होती. प्रणाली सासूला घेऊन वलगावहून आली होती. खरं म्हणजे सासूच तिला घेऊन आली होती. चार एकर वावरात काय पेरायचं ते नेहमी दुर्गाबाईच ठरवायच्या. सून काय शिकणार, हे त्या दुसऱ्या कोणावर सोडतील तर शपथ.

घरात महिन्याकाठी काही यायला लागलं, तर प्रणालीचा नवरा पुण्याला वॉचमन म्हणून जाणार नव्हता. दिवाळीपर्यंत वाट पाहतो, एवढंच किशोरनं कबूल केलं होतं. आणि दिवाळीला चार महिने होते.

"तुम्हाला काय आवडते, ताई?" मॅडमनी विचारलं.

प्रणालीनं सासूकडे पाहिलं.

"आवडीचं मंग पाहू," दुर्गाबाई म्हणाल्या. "जास्ती बाया कशात हायेत, ते सांगा."

"डाटा एन्ट्रीत. चाळीस झाल्या."

"मंग ते नाई."

"काहून मावशी? सोपं हाये ते."

"सोपं हाये म्हणूनच. गेल्या साली आख्ख्या गावानं सोयाबीन पेरलं. बजारात कुत्रं इचारत नोतं. सगळ्यात कमी बाया कशात हायेत?"

"रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचं, त्यात. दोघीच."

"ते लिव्ह वं, प्रणाली."

प्रणालीला हायसं वाटलं. पेन तिसऱ्या चौकोनाकडे वळलं. मॅडमना मात्र राहवलं नाही.

"मावशी, खरं सांगू का? तिथं दोघीच हायेत, कारण काम कमी येते. आलं तं आलं."

दुर्गाबाईंनी सुनेचं मनगट धरलं. बराच वेळ सोडलं नाही.

"तीन सालामागं कोणी ज्वारी पेरत नोतं म्हणून म्या पेरली," त्या म्हणाल्या. "साऱ्या शिवारात एकटीची ज्वारी. साऱ्या शिवारातले पाखरं माह्याच वावरात उतरले. कणसं उभे होते, दाणा एक नोता."

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले होते.

"अन् ते मधलं?"

"डिझाइन. पंधरा जणी हायेत. काम चांगलं येते, पण हात बसाले वर्ष लागते. माझा तं दीड वर्ष बसला नोता."

दिवाळीचा हिशेब प्रणालीनं मनातल्या मनात पुन्हा केला.

"यात दुबार करता येते काय?" दुर्गाबाईंनी विचारलं.

मॅडमना समजलं नाही. प्रणालीनंच सांगितलं, "बी उगवलं नाई तं आमी पुन्हा पेरतो ना, मॅडम. तसं, हे नाई जमलं तं दुसरं शिकता येईन काय, असं इचारून राहिल्या त्या."

"नाही ना. एका आधार कार्डावर एकच कोर्स. आणि वयाची अट पस्तीस हाये."

प्रणालीला पुढच्याच महिन्यात पस्तीस वर्षं पूर्ण होत होती. तिनं सासूकडे पाहिलं. आता त्या काहीतरी ठणकावून सांगतील आणि आपण खूण करून मोकळ्या होऊ, असं तिला वाटत होतं. दुर्गाबाई फॉर्मकडे बघत होत्या. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

"तू कर तुह्या मनानं," त्या म्हणाल्या.

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. घरातली एक तरी गोष्ट सासूनं आपल्यावर सोडावी, यासाठी प्रणाली किती वेळा चुलीपुढे बसून चरफडली होती. आज सोडली, तर तिनं फॉर्म सासूपुढे सरकवला.

"आत्याबाई, असं नका करू. तुमीच सांगा ना."

"माह्या अंदाजानं तीन सालात काय पिकलं? मले भेव लागते आता."

हे त्या परक्या मुलीसमोर बोलल्या. प्रणालीनं सासूच्या तोंडून असलं काही कधी ऐकलं नव्हतं. तिनं फॉर्म जवळ ओढला. एकदा डोळे मिटले, उघडले आणि मधल्या चौकोनात खूण केली. खुणेचं शेपूट चौकोनाबाहेर गेलं.

मॅडमनी फॉर्म घेतला, शिक्का मारला आणि पावती दिली.

दोघी जिना उतरल्या. कशावर खूण केली, ते दुर्गाबाईंनी विचारलं नाही. वलगावचा ऑटो भरायला अजून दोन माणसं हवी होती. त्या आत सरकून बसल्या, सुनेला जागा करून दिली आणि तिच्याकडे न पाहता म्हणाल्या,

"उगोलं तं तुह्यं. नाई उगोलं, तं किशोरले सांगजो, बुढीनं सांगतलं होतं म्हणून."