तेरा, चौदा, पंधरा

आहारतज्ज्ञ मॅडमनी दोन्ही सुनांच्या वह्या टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या आणि थोरलीच्या वहीवर पेनचं टोक ठेवलं.

"दिवसाला पन्नास ग्रॅम कर्बोदकं ठरली होती आपली. हे काय आहे? बासष्ट, एकाहत्तर, अठ्ठावन्न. आणि हा बटाटा कुठून आला?"

"मी मागितला," सासूबाई म्हणाल्या. त्या दोघी सुनांच्या मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. "अर्धाच होता."

"अर्धा म्हणजे पंधरा ग्रॅम, आजी."

"पण उकडलेला होता."

धाकटी फिस्सकन हसली. थोरलीने प्रत्येक घास वजनकाट्यावर ठेवून मग लिहिला होता. फ्लॉवर, अर्धा कप दूध, हात थरथरायला लागले म्हणून दिलेलं अर्धं केळं, सासूबाईंनी डब्यातून गुपचूप काढलेलं बिस्किटसुद्धा. पहिल्या पानावर, त्या तिच्याकडे आल्या त्या दिवसापुढे, लिहिलं होतं : कोबी, मोजायच्या आत संपला.

मॅडमनी धाकटीची वही ओढली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हे बघा. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस, पन्नास. एक दिवस इकडचा तिकडे नाही. अक्षरही काय सुरेख. आणि तेव्हाच्या रिपोर्टमध्ये साखर उतरलीय, वजन तीन किलो कमी."

"सवय लावली की लागते," धाकटी म्हणाली. "मी ताईंना म्हणतेच, तुम्ही फार लाड करता आईंचे."

थोरलीने ती वही आपल्याकडे वळवून घेतली. सगळी पानं एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिल्यासारखी. शेवटच्या पानाशी ती आली. तेरा तारीख : अंडं, पालक, काकडी, एकूण एकोणपन्नास. पुढे कंसात, आवडीने जेवल्या. खाली चौदा, खाली पंधरा.

तिचं बोट तेरावर थांबलं. पहिले पंधरा दिवस धाकटीचे ठरले होते, हे खरं. पण घरी पाहुणे यायचे म्हणून धाकटीच्या नवऱ्याने सासूबाईंना बारा तारखेच्या दुपारीच थोरलीच्या दारात आणून सोडलं होतं. तेरा तारीख थोरलीच्याही वहीत होती. एकूण बासष्ट. त्या दिवशी सासूबाई दोन घरांत जेवल्या होत्या.

तिने मान वर केली. धाकटी तिच्या बोटाकडेच बघत होती, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मी काय म्हणते," मॅडम म्हणाल्या, "ही पंधरा-पंधरा दिवसांची अदलाबदल बंद करा. सुरुवातीला शिस्त बसली तर बसते, नाहीतर नाही. तीन महिने आजींना एकाच घरी ठेवा. धाकट्या सूनबाईंकडे. तिथे जमतंय त्यांना."

"माझ्याकडे?" धाकटी सावरून बसली. "नाही, म्हणजे माझी काहीच हरकत नाही. पण आईंना ताईंकडे करमतं हो. आणि ताईंचा हात बसलाय आता काट्यावर."

"करमण्याचं नंतर बघू. आधी आकडे."

सासूबाईंनी थोरलीकडे पाहिलं. बाराच्या दुपारी ओट्याशी उभ्या उभ्या, काट्यावरच्या ताटलीतला कोबी बोटांनी खाताना त्या म्हणाल्या होत्या, "आता मला इथेच ठेव गं. तिकडे ताट वाढायचं कुणाच्या ध्यानातच राहत नाही. मी बटाटा मागणार नाही."

थोरलीला फार काही करायचं नव्हतं. दोन वह्यांतली दोन पानं मॅडमपुढे समोरासमोर धरायची, बस. तिने मनात तीन महिने मोजले. तीन महिन्यांच्या सकाळी. काटा नाही, वही नाही, न्हाणीघरातून येणारी हाक नाही, गरम चहा गरम असताना प्यायचा. महिन्याचे पंधरा दिवस तिच्या वाट्याला नेहमी वीस भरायचे. एकदा तिकडे भरले, तर काय आभाळ कोसळणार होतं?

तिने वही मिटली.

"मॅडम म्हणतात ते बरोबर आहे," ती म्हणाली. "तिथे शिस्त आहे."

सांगण्यासारखी धाकटीकडे एकच गोष्ट होती, आणि तीच सांगता येत नव्हती.

"काय आजी, चालेल ना?"

"न चालायला काय झालं," सासूबाई म्हणाल्या. "दोघींचं एकमत झालंय. कधी नव्हे ते."

मॅडम मनापासून हसल्या. मग त्यांनी धाकटीच्या हातात नव्वद पानांची कोरी वही ठेवली.

बाहेर, व्हरांड्याच्या टोकाला जाऊन धाकटी फोनवर नवऱ्याला दबक्या आवाजात फैलावर घेत होती. "बाराला सोडायची घाई कुणाला झाली होती? तीन दिवस कळ काढवली नाही तुम्हाला. आता काढा तीन महिने."

थोरली आणि सासूबाई जिन्याशी उभ्या होत्या. थोरलीने आधाराला हात पुढे केला. सासूबाईंनी तो नेहमीसारखाच धरला, आणि एक पायरी उतरून थांबल्या.

"तुझ्या वहीतले ते तीन दिवस खोडून टाक हो आठवणीने," त्या म्हणाल्या. "कुणी विचारलंच, तर मी तिकडेच जेवले म्हणेन."