गैरहजर बॅरोनेट

"ऐन मतदानाच्या वेळी सर एडमंड ट्रेस्कॉटने शेपूट घातली." रत्नाने हे वाक्य तिसऱ्यांदा वाचलं आणि तिसऱ्यांदा स्वतःवर खूश झाली. पाच वाजेपर्यंत पुस्तक प्रकाशकाकडे जायला हवं होतं. चार वाजून गेले होते.

सहा वर्षं ती या माणसाच्या मागे होती. कॉलेजात इतिहास शिकवायची आणि घरी येऊन सर एडमंडला धरायची. दीडशे वर्षांपूर्वीचा हा इंग्रज बॅरोनेट. 'सर' ही पदवी वडिलांकडून मिळालेली, आठ हजार एकर जमीन आजोबांकडून, पार्लमेंटातली जागा मात्र स्वतः मिळवलेली. आणि एवढा मोठा जमीनदार असून कुळांच्या बाजूचा! कुळाला जमिनीवरून काढायचं तर त्याला भरपाई द्या, असं विधेयक आलं, तेव्हा त्याने आपल्या कुळांना अंगणात बोलावून शब्द दिला, की माझं मत तुमचं. मतदानाच्या दिवशी तो सभागृहात फिरकलाच नाही. मतं समसमान झाली आणि अध्यक्षांच्या मताने विधेयक पडलं. पुढच्या निवडणुकीत त्याच कुळांनी त्याच्या बग्गीवर शेण फेकलं. तो हरला. मरेपर्यंत त्याने कधी खुलासा केला नाही.

"अगदी आपल्या राजेशकाकांसारखा," रत्ना बाबांना नेहमी म्हणायची. बाबा लगेच विषय बदलायचे.

राजेशकाका आणि तिचे बाबा, संजय, इथे अमेरिकेत, नोव्हाय शहराजवळच्या एका मोटारींच्या प्लँटमध्ये बरोबरीचे इंजिनिअर होते. मोटारी जोडायच्या नव्या लाइनची चाचणी दोघांकडे होती आणि चाचणी चालू असताना दोघांपैकी एकाने तिथे हजर राहायलाच हवं असा नियम होता. एका संध्याकाळी रेखाकाकूंना हार्ट अटॅक आला. राजेशकाकांना प्लँटमध्ये निरोप गेला. ते चाचणी संपवून हॉस्पिटलला पोचले दोन तासांनी, तोवर सगळं संपलं होतं. बायकोपेक्षा याला लाइन प्यारी, असं महाराष्ट्र मंडळातल्या प्रत्येकाने म्हणून घेतलं. त्यांची मुलगी इला तेव्हा नऊ वर्षांची होती, रत्नाच्याच वर्गात. मोठी होऊन ती दूर कॅरी शहरात गेली ती गेलीच. बापाचा फोन ती उचलत नाही. सोमवारी राजेशकाकांची बायपास होती, आणि तरी ती येणार नव्हती.

लॅपटॉपवर ईमेल वाजलं. इंग्लंडमधल्या एका दप्तरखान्याकडे रत्नाने मार्चमध्ये कागद मागितले होते, ते आता आले. हार्ले नावाच्या खासदाराने म्हातारपणी भावाला लिहिलेलं पत्र. सर एडमंडचा हा कट्टर विरोधक. रत्ना वाचू लागली आणि वाचता वाचता तिचा चहा निवला.

"बाबा, इकडे या. प्लीज, आत्ता."

बाबा चष्मा शोधत आले. रत्नाने त्यांना वाचून दाखवलं. मतदानाच्या दिवशी दुपारी हार्लेला घरून चिठ्ठी आली होती, की मुलगी तापात आहे, वाचेल असं वाटत नाही. तो रडकुंडीला आला. सर एडमंड त्याला म्हणाला, "तुम्ही जा. तुमचं मत बुडेल, तर मीही माझं देणार नाही."

"पार्लमेंटात ही रीत होती," रत्ना म्हणाली. "पेअरिंग. दोन्ही बाजूंचा एकेक जण घरी बसायचा, म्हणजे कोणाचं नुकसान नाही. मी त्या दिवसाची पेअर्सची लिस्ट चेक केली होती, बाबा. त्याचं नाव नव्हतं, म्हणून मी विषय बंद केला. पण हे शेवटच्या क्षणी ठरलं. नुसता शब्द!"

हार्लेची मुलगी पहाटे त्याच्या मांडीवर गेली. सर एडमंडला आत जाऊन विधेयक वाचवता आलं असतं. कोणी अडवणार नव्हतं. तो गेला नाही.

रत्नाला गलबलून आलं, आणि पाठोपाठ संताप आला.

"पण हा हार्ले काय माणूस आहे यार! त्या बिचाऱ्यावर शेण फेकलं लोकांनी, आणि हा मूग गिळून बसला. थर्टी इयर्स! एकदा तोंड उघडता येत नव्हतं?"

बाबा खुर्चीत बसले.

"आधी वाटतं, उद्या सांगू," ते म्हणाले. "मग इतकी वर्षं जातात, की सांगायचीच लाज वाटते."

"बाबा, त्याची बाजू नका घेऊ. मी सगळं चॅप्टर बदलणार आहे. पब्लिशरला थांबू दे."

"बदल. पण आधी इलाला फोन लाव," बाबा म्हणाले. "त्या संध्याकाळी प्लँटमध्ये ड्यूटी माझी होती. तुझं अपेंडिक्स फुटलं होतं, आणि राजेश मला म्हणाला, 'तू पोरीजवळ थांब, तुझ्या जागी मी उभा राहतो.'"