सशाच्या घरातली बाई

सशाच्या गोष्टीसाठी काढलेली नमुना चित्रं मी मुलांची पुस्तकं काढणाऱ्या तीन प्रकाशकांना पाठवली. सशाचं घर म्हणून माझीच खोली रंगवली होती: खिडकी, निळा सोफा, बंद दार. मग देव पाण्यात घालून बसले.

पहिल्या संपादकांनी कळवलं, ‘ससा गोड आहे. पण दारात उभी असलेली ती बाई नको, मुलं घाबरतील.’

मी कुठलीच बाई रंगवली नव्हती. ताईला चित्र दाखवलं.

“अगं, दुसऱ्याच कुणाचं चित्र बघितलं असेल त्यांनी,” ती म्हणाली. “एवढं काय मनाला लावून घेतेस?”

दुसऱ्यांनी लिहिलं, ‘सोफ्यामागची बाई वगळता येईल का?’

यावेळी ताईनं चित्र उलटं करून ठेवलं.

आज दुपारी तिसऱ्यांचा फोन आला. ताई कामावर गेली होती, घरात मी एकटीच होते.

“अभिनंदन! पुस्तक तुम्हीच करायचं.”

मी चाचरत विचारलं, “चित्रात बाई नाही ना कुणी?”

“छे हो, ससा एकटाच आहे. फक्त दार तेवढं उघडं दाखवलंय, ते बंद करा.” संपादक हसले. “घरच्यांना भलताच आनंद झालेला दिसतोय. टाळ्या इथपर्यंत ऐकू येतायत.”